एल शद्दाय : ‘सर्वसमर्थ’ या भाषांतराआड गेलेलं नाव

अब्राम (पुढे ज्याचा अब्राहाम झाला) नव्व्याण्णव वर्षांचा असताना देव त्याला दर्शन देतो आणि आपली ओळख सांगतो : ‘अनी एल शद्दाय’. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातल्या १७व्या अध्यायाचं हे पहिलंच वचन. मराठी बायबलमध्ये या जागी ‘सर्वसमर्थ देव’ असं वाचायला मिळतं, आणि वाचणारा न अडखळता पुढे जातो. देव म्हटल्यावर तो सर्वसमर्थ असणारच, त्यात विचारण्यासारखं काय?

विचारण्यासारखं पुष्कळ आहे. मूळ हिब्रूत या ठिकाणी ‘सर्व’ हा शब्द नाही. ‘समर्थ’ म्हणता येईल असंही खात्रीने काही नाही. ‘एल’ म्हणजे देव. कनानी लोकांच्या देवमंडळातल्या ज्येष्ठ देवाचं नावही हेच. पुढचं ‘शद्दाय’ मात्र एक विशेषनाम आहे. ज्यांनी ते ग्रंथात लिहून ठेवलं, त्यांना तरी त्याची व्युत्पत्ती ठाऊक होती का, असा प्रश्न पडावा इतकं ते जुनं आहे.

या एका नावाचं प्रकरण इथे तपासायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. शद्दायबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. हे नाव मुळात कशावरून आलं, हा एक. ते उच्चारणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ उमटत होता, हा दुसरा. गेली दीड-दोन शतकं या दोहोंची गल्लत होत आली आहे, आणि त्या गल्लतीत नावाचा सर्वांत जिवंत भाग नजरेआड झाला आहे.

नाव कुठे भेटतं

हिब्रू बायबलमध्ये ‘शद्दाय’ ४८ वेळा येतं. त्यातल्या ३१ जागा एकट्या ईयोबाच्या पुस्तकातल्या आहेत. ‘एल शद्दाय’ ही जोडी फक्त सात ठिकाणी आहे : पाचदा उत्पत्तीत, एकदा निर्गमात, एकदा यहेज्केलात. उरलेल्या जागा बलामाची भविष्यवाणी, रूथ, दोन स्तोत्रं आणि यशया, योएल यांसारखे संदेष्टे यांत विखुरलेल्या आहेत.

निर्गमाच्या ६व्या अध्यायातलं तिसरं वचन या प्रकरणाचा कणा आहे. तिथे देव मोशेला सांगतो की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना मी एल शद्दाय म्हणून दर्शन दिलं, पण यहवे या नावाने मी त्यांना प्रकट झालो नव्हतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळाचा स्पष्ट क्रम आहे. शद्दाय हे पूर्वजांच्या काळातलं, मोशेच्या आधीचं नाव. देवाची नावं बदलतात त्या जागा पाहून ग्रंथाचे थर ओळखता येतील, हे झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७५३मध्ये मांडलं आणि त्यातून बायबलच्या अभ्यासाची एक मोठी शाखा उभी राहिली. त्या शाखेच्या मते वरचं वचन आणि उत्पत्तीतल्या शद्दायच्या बहुतेक जागा याजकवर्गाच्या लेखनातल्या आहेत. हे लेखन साधारणपणे बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या, आगेमागे आकाराला आलं असं मानतात. तेव्हा लिहिणारे उत्तरकालीन असले, तरी हाती घेतलेलं नाव जुनं आहे याची त्यांना जाणीव होती.

त्यांची ही जाणीव खरी होती, असं माणसांच्या नावांवरून दिसतं. गणना या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या वंशांच्या यादीत ‘सूरीशद्दाय’ आणि ‘अम्मीशद्दाय’ ही नावं आहेत. पहिल्याचा अर्थ ‘शद्दाय माझा खडक’, दुसऱ्याचा ‘शद्दाय माझा आप्त’. बायबलच्या बाहेर, इजिप्तमध्ये इ.स.पू. १३००च्या सुमाराच्या एका दफनमूर्तीवर एका सेमिटिक, म्हणजे हिब्रूच्या भाषाकुळातल्या, माणसाचं नाव कोरलेलं आहे. ते ‘शद्दाय-अम्मी’ असं वाचतात, म्हणजे अम्मीशद्दायचेच दोन भाग उलट क्रमाने. देवाचं नाव घालून मुलांची नावं ठेवली जात असतील, तर तो देव घरोघरी ओळखीचा असणार.

‘सर्वसमर्थ’ आलं कसं

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी आपल्या शास्त्राचं ग्रीक भाषांतर सुरू केलं. ते सेप्टुअजिंट म्हणून ओळखलं जातं. शद्दायपुढे या भाषांतरकारांचा गोंधळ उडाला, आणि हा गोंधळच आपल्या दृष्टीने पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. उत्पत्तीत त्यांनी नुसतं ‘माझा देव’, ‘तुझा देव’ असं लिहिलं. नावाच्या शेवटचा ‘आय’ हा ‘माझा’ दाखवणारा प्रत्यय असावा असं त्यांना वाटलेलं दिसतं. रूथच्या पुस्तकात त्यांनी ‘पुरेसा असणारा’ हा शब्द योजला. स्तोत्रांत ‘स्वर्गीचा देव’ असं केलं. यहेज्केलाच्या १०व्या अध्यायात भाषांतर सोडून देऊन सरळ ‘सद्दाय’ हा उच्चारच ग्रीक अक्षरांत उतरवला. ईयोबाच्या भाषांतरकाराने मात्र अनेक ठिकाणी ‘पान्तोक्रातोर’, म्हणजे सर्वांवर सत्ता चालवणारा, हा शब्द घेतला.

या ‘पान्तोक्रातोर’चा मुख्य वापर त्या भाषांतरात शद्दायसाठी नाहीच. तो आहे ‘सबाओथ’साठी, म्हणजे ‘सेनांचा परमेश्वर’ या वेगळ्याच उपाधीसाठी. ईयोबाच्या पुस्तकात तो शद्दायला चिकटला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने हिब्रूवरून लॅटिन भाषांतर हाती घेतलं, तेव्हा उत्पत्तीतल्या एल शद्दायसाठी त्याने ‘ओम्निपोतेन्स’ वापरलं, आणि पाश्चात्त्य जगापुरता प्रश्न मिटला. ख्रिस्ती श्रद्धेच्या सूत्रात तर पिता परमेश्वराला हे विशेषण आधीच लागलेलं होतं.

तिथून ते आपल्यापर्यंत आलं. गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी शिकलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची पहिली आवृत्ती १६१६मध्ये निघाली. त्याच्या पहिल्याच ओवीत ‘देवा बापा सर्वसमर्था’ अशी हाक आहे. ही हाक श्रद्धासूत्रातल्या लॅटिन शब्दांना थेट प्रतिसाद देते. मराठीत तो शब्द इतका सहज बसला, की पुढे बायबलच्या भाषांतरांत शद्दायच्या जागीही तोच शोभून दिसला. या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. चारशे वर्षं लोकांनी त्यात आपली प्रार्थना ओतली आहे. पण अब्रामाने ऐकलेलं नाव काय होतं, याचा तो पुरावा ठरत नाही.

‘पुरे’ म्हणणारा

ज्यू आचार्यांनी वेगळी वाट धरली. हिब्रूत ‘दाय’ म्हणजे पुरे. त्यावरून ‘शे-दाय’, म्हणजे ‘जो पुरेसा आहे’ किंवा ‘ज्याने पुरे म्हटलं’. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या संग्रहातल्या हगिगा प्रकरणात रेश लाकीश या आचार्याचं म्हणणं नोंदवलं आहे : शद्दाय म्हणजे ज्याने जगाला ‘पुरे’ म्हटलं तो. सृष्टी निर्माण होताना पसरत चालली होती, आणि देवाने तिला थांबवलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला बायबलचा भाषांतरकार अक्विला ग्रीकमध्ये ‘पुरेसा’ हाच अर्थ देतो, तेव्हा ही समजूत तोवर चांगलीच रुजली असावी.

व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही. ‘जो’ या अर्थाचा जोडशब्द ‘शे’ हिब्रूत मुख्यतः नंतरच्या काळात रुळला. इतक्या जुन्या, माणसांच्या नावांतही बसलेल्या देवनामाची घडण अशी नसते. तरीही ही कल्पना मला फार मोलाची वाटते. देवाचं सामर्थ्य तो किती करू शकतो यावरून न मोजता तो कुठे थांबतो यावरून मोजावं, हा विचार ‘सर्वसमर्थ’च्या अगदी उलट टोकाचा आहे.

आचार्यांच्या परंपरेत हे नाव दारावरही आलं. ज्यू घरांच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनं लिहिलेलं चर्मपत्र ठेवलेली छोटी डबी, लावतात. त्यातल्या चर्मपत्राच्या मागच्या बाजूला ‘शद्दाय’ लिहायची रीत बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताच्या वेळी रूढ होती, आणि त्याने ती निर्दोष ठरवली. शिन, दालेत, योद या तीन अक्षरांचा ‘शोमेर दल्तोत यिस्राएल’, म्हणजे ‘इस्राएलच्या दारांचा राखणदार’, असा विस्तारही करतात. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्राएल घरांच्या दारांवर मेझुझा दिसतो. ज्या नावाबद्दल आपण बोलत आहोत ते या मराठी बोलणाऱ्या घरांत भाषांतराविना, मूळ तीन अक्षरांत राहिलं आहे.

संहार करणारा

यशयाच्या १३व्या आणि योएलच्या पहिल्या अध्यायात जवळजवळ एकच वाक्य आहे : परमेश्वराचा दिवस येतो आहे, ‘के-शोद मि-शद्दाय’, शद्दायकडून संहार यावा तसा. ‘शोद’ म्हणजे विध्वंस, आणि त्याचा धातू ‘शादद’. संदेष्ट्याने नाव आणि धातू शेजारी ठेवून नाद साधला आहे. त्यावरून काहींनी ‘संहारक’ हाच मूळ अर्थ मानला. ‘अतिबलवान’ ही छटाही इथूनच काढता येते.

मला हा दावा दुबळा वाटतो. कवी दोन शब्दांचा नाद जुळवतो तेव्हा त्यांचं कूळ एक असल्याचं प्रमाणपत्र देत नसतो. शिवाय ‘शादद’पासून नाम घडताना दोन्ही ‘द’ टिकून शेवटी ‘आय’ का यावा, याचा उलगडा होत नाही. ही वचनं एवढंच सांगतात, की यशयाच्या श्रोत्यांना या नावात विध्वंस ऐकवता येत होता. उत्पत्तीच्या श्रोत्यांना काय ऐकू येत होतं, ते पुढे पाहू.

डोंगर, आणि ‘श’चा पेच

अभ्यासकांमध्ये सर्वाधिक चाललेली व्युत्पत्ती अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेतून येते. तिथे ‘शदू’ म्हणजे डोंगर, आणि ‘शद्दाऊ’ म्हणजे डोंगरात राहणारा. फ्रीडरिख डेलिच या असीरियाविद्या-पंडिताने १९व्या शतकाच्या अखेरीस हा धागा पकडला. विल्यम ऑलब्राइटने १९३५च्या लेखात त्याला भाषाशास्त्राची चौकट दिली. शेवटचा ‘आय’ म्हणजे संबंध दाखवणारा प्रत्यय. उगारित या प्राचीन नगराच्या कथांत बाल देवाच्या मुलींची नावं अर्साय आणि तल्लाय अशीच आहेत, एक मातीची आणि दुसरी दवाची. तसा शद्दाय म्हणजे ‘डोंगराचा’. पुढे फ्रँक मूर क्रॉसने अमुर्रू या पश्चिमेकडच्या देवाकडे बोट दाखवलं. त्याला मेसोपोटेमियात ‘डोंगराचा स्वामी’ म्हणत. एलचं वसतिस्थानही कनानी कथांत डोंगरावरच आहे. सूरीशद्दाय या नावातला ‘खडक’ही या चित्रात बसतो.

एवढं सगळं जुळत असताना अडचण एका ऊष्म व्यंजनात येते. हिब्रूत ‘ש’ या एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत, ‘शिन’ आणि ‘सिन’. अक्कादीत मात्र जुने तीन वेगवेगळे ध्वनी एकाच ‘श’मध्ये मिसळून गेले. म्हणून अक्कादी ‘श’समोर हिब्रूत कधी ‘श’ येतो, कधी ‘स’. ‘शदू’चा हिब्रूतला सख्खा भाऊ आहे ‘सादे’, म्हणजे शेत, मोकळं रान. तो ‘सिन’ने सुरू होतो. त्या हिशेबाने देवाचं नाव ‘सद्दाय’ व्हायला हवं होतं. ‘शद्दाय’ आहे, म्हणजे एकतर ते पूर्वेकडून उसनं आलं आणि येताना तिकडचा ‘श’ घेऊन आलं, किंवा त्याचं मूळ वेगळं आहे. अरबीचा जाणकार अर्न्स्ट आक्सेल क्नाउफ याच्यासारख्यांनी डोंगर सोडून रानाचा अर्थ पुढे केला : गावशिवेपलीकडच्या ओसाड मुलखाचा देव. व्यंजनाचा पेच त्यानेही आपोआप सुटत नाही.

इथे ग्रीक ‘सद्दाय’ कामाला येतं. हिब्रू मजकुराला स्वरखुणा लावणारे मसोरेत पंडित इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकातले. त्यांचा उच्चार उशिराचा आहे, अशी शंका घेता येते. पण यहेज्केलाच्या ग्रीक भाषांतरात त्यांच्या कितीतरी शतकं आधी दोन ‘द’ आणि शेवटचा ‘आय’ स्पष्ट आहेत. ग्रीकमध्ये ‘श’च नसल्याने पहिल्या अक्षरावर ते काही सांगू शकत नाही, आणि नेमका तोच आपला प्रश्न आहे. द्वित्त, म्हणजे जोड ‘द’, मात्र जुनं आहे, एवढं पक्कं ठरतं.

ऊर आणि उदर

आता उत्पत्तीकडे परत जाऊ, कारण या प्रकरणाचं सर्वांत श्रीमंत दालन तिथे आहे.

एल शद्दाय तिथे कधी भेटतो ते पाहा. १७व्या अध्यायात म्हाताऱ्या अब्रामाला तो संतती देण्याचं वचन देतो. सारायची सारा होते आणि तिला मुलगा होणार असं सांगितलं जातं. २८व्या अध्यायात इसहाक याकोबाला निरोप देताना म्हणतो, एल शद्दाय तुला आशीर्वाद देवो, तुला फलद्रूप करो. ३५व्या अध्यायात देव स्वतः याकोबाला म्हणतो, मी एल शद्दाय, फलद्रूप हो, बहुगुणित हो. ४८व्या अध्यायात मरणाच्या दारात याकोब योसेफाला तेच वचन आठवून सांगतो. प्रत्येक वेळी मुलंबाळं, वंश, वाढ. युद्ध नाही, न्यायनिवाडा नाही, सृष्टीची निर्मितीही नाही.

आणि मग ४९वा अध्याय, याकोबाचा योसेफाला शेवटचा आशीर्वाद. हे जुनं काव्य आहे. त्यात शद्दाय आशीर्वाद देतो : वरून आकाशाचे आशीर्वाद, खाली पसरलेल्या खोल जलाचे आशीर्वाद, आणि ‘बिर्खोत शादायिम वा-राखम’, उरांचे आणि उदराचे आशीर्वाद. ‘शद्दाय’ आणि ‘शादायिम’ एकाच श्लोकात. ‘शाद’ म्हणजे स्तन. डेव्हिड बियाल या इतिहासकाराने १९८२मध्ये याच जागेवर बोट ठेवून म्हटलं, की एल शद्दाय हा उत्पत्तीच्या परंपरेत स्तन्य देणारा, प्रजननाचा देव आहे. हे नाव मुळात ‘उरांचा’ असं असू शकतं.

व्यंजनाच्या बाजूने ही व्युत्पत्ती डोंगरापेक्षा सरळ आहे. स्तनाचा शब्द सर्व सेमिटिक भाषांत जुन्या ‘थ’ ध्वनीचा. अरबीत ‘थदी’, उगारितीत ‘थद’, हिब्रूत नियमाप्रमाणे ‘शाद’. ऑलब्राइटने तर दोन्ही वाटा जोडल्या होत्या. त्याच्या मते डोंगराचा शब्दच मुळात स्तनाच्या शब्दापासून, आकारावरून आलेला. भाषा डोंगराला शरीराचे अवयव देत असतात हे खरं, पण ‘शदू’ आणि ‘सादे’ हे नातं त्याहून बळकट असल्याने हा जोड मला पटत नाही. उरलेली अडचण द्वित्ताची. ‘शाद’मध्ये एकच ‘द’ आहे, आणि ‘शद्दाय’मधला दुसरा ‘द’ कुठून आला हे सांगावं लागतं.

म्हणून ‘शद्दाय म्हणजे मुळात स्तनांचा देव’ असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण उत्पत्तीचं काव्य रचणाऱ्याने हे नाव उच्चारताना आईचं ऊर ऐकलं, याबद्दल मला शंका नाही. त्याने ते श्लोकात लिहूनच ठेवलं आहे. ४३व्या अध्यायात दुष्काळापायी याकोबाला धाकट्या बन्यामीनाला इजिप्तला पाठवावं लागतं, तेव्हा तो म्हणतो : एल शद्दाय त्या माणसापुढे तुम्हाला ‘राखमीम’ देवो. राखमीम म्हणजे करुणा, आणि तो शब्द ‘रेखेम’, म्हणजे गर्भाशय, याच्याशी जोडलेला. लगेच पुढे त्याच्या तोंडून निघतं, मी निपुत्रिक झालो तर झालो. एक बाप मुलं गमावण्याच्या भीतीने नेमकं हेच नाव घेतो. (मुंबईत १७९६मध्ये उभारलेल्या बेने इस्राएलांच्या पहिल्या प्रार्थनामंदिराच्या ‘शाअर हाराखमीम’ या नावात, म्हणजे ‘करुणेचं द्वार’ यात, हाच शब्द आहे.)

हे कानात ठेवून रूथ आणि ईयोब वाचावेत. रूथची सासू नामी मवाब देशातून परत येते. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बायका ओळखतात तेव्हा ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण शद्दायने माझ्याशी फार कटू वर्तन केलं. मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. आणि मुलं गमावलेला ईयोब, २९व्या अध्यायात, गेलेले दिवस आठवताना म्हणतो : शद्दाय अजून माझ्याबरोबर होता, माझी मुलं माझ्याभोवती होती. एकाच ओळीत देव आणि मुलं. ‘सर्वसमर्थाने माझ्याशी कटू वर्तन केलं’ असं वाचलं की समोर एक सत्ताधीश उभा राहतो. मुलं देणाऱ्याने मुलं नेली, असं वाचलं की नामीचा आक्रोश कुठून येतो ते कळतं. भाषांतराने इथे काय हिरावलं, हे मला सर्वांत जास्त लागतं.

देइर अल्लाची भिंत

१९६७मध्ये जॉर्डन नदीच्या पूर्वेला देइर अल्ला इथे हेंक फ्रँकन यांच्या डच पथकाला एका पडक्या इमारतीत गिलाव्याचे तुकडे सापडले. भूकंपात भिंत कोसळली होती. गिलाव्यावर काळ्या आणि लाल शाईने लिहिलेला मजकूर होता, साधारण इ.स.पू. ८००च्या सुमाराचा. तुकडे जुळवून १९७६मध्ये तो प्रसिद्ध झाला. मजकूर सांगतो बौराचा मुलगा बलाम याची गोष्ट. गणना पुस्तकातला, इस्राएलला शाप द्यायला बोलावलेला आणि आशीर्वाद देऊन बसलेला तोच बलाम, पण इथे तो बायबलच्या बाहेर, आपल्या मुलखात, आपल्या लोकांचा द्रष्टा म्हणून उभा आहे.

रात्री देव त्याच्याकडे येतात आणि त्याला दर्शन घडतं. सकाळी तो रडतो, उपास धरतो. लोक कारण विचारतात. तो सांगतो, बसा, शद्दायीन यांनी काय केलं ते सांगतो. देव एकत्र जमले, शद्दायीन सभेत उभे राहिले, आणि एका देवतेला त्यांनी आकाश ढगांनी मिटून टाकायला, अंधार करायला सांगितलं.

‘शद्दायीन’ हे अनेकवचन आहे. देवसभेतले सदस्य. आणि गणनेच्या २४व्या अध्यायात हाच बलाम आपली ओळख कशी देतो? एलची वचनं ऐकणारा, एल्योनचं, म्हणजे परात्पराचं, ज्ञान जाणणारा, ‘मखझे शद्दाय’ पाहणारा. दर्शनाचा ‘मखझे’ हा शब्ददेखील भिंतीवर आणि ग्रंथात एकच. इतकी नेमकी जुळणी प्राचीन लेखांत क्वचित मिळते. त्यावरून मला वाटतं, की शद्दाय हे इस्राएलने घडवलेलं नाव नव्हे. जॉर्डनच्या दोन्ही काठांवर बोलल्या जाणाऱ्या धर्मभाषेतलं ते नाव आहे. पूर्वेकडे तो एक देववर्ग राहिला. इस्राएलने तो एकवचनात आणून एलला जोडला, आणि पुढे याजकांनी त्याला मोशेपूर्व काळातलं नाव म्हणून जागा दिली.

याच संदर्भात बायबलच्या ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकातले ‘शेदीम’ आठवतात. ३२व्या अध्यायात लोकांनी देव नसलेल्या शेदीमांना बळी दिले असं म्हटलं आहे. अक्कादीत ‘शेदू’ म्हणजे रक्षक शक्ती. स्वरखुणांशिवाय लिहिलं तर शेदीम, शादायिम आणि शद्दायचं संभाव्य अनेकवचन यांची व्यंजनं जवळजवळ एकच दिसतात. एके काळचे मान्य शद्दायीन नंतरच्या लेखकांच्या हाती ‘भुतं’ ठरले, असा कयास काही अभ्यासक करतात. तो आकर्षक आहे, पण द्वित्त आणि स्वर दोन्ही आड येतात, म्हणून मी तो निकालात धरत नाही.

माझा निकाल

पुराव्याच्या वजनाप्रमाणे सांगायचं तर ‘सर्वसमर्थ’ आणि ‘पुरेसा’ हे दोन्ही भाषांतरकारांचे आणि आचार्यांचे अर्थ आहेत, मूळ नव्हेत. ‘संहारक’ हा संदेष्ट्यांचा नादखेळ आहे. मुळाच्या शर्यतीत डोंगर किंवा रान हे द्वित्तामुळे आणि शेजारच्या देवांच्या उपाध्यांमुळे पुढे आहेत, पण व्यंजनावर अडतात. स्तन व्यंजनावर खरं उतरतं, पण द्वित्तावर अडतं. मला डोंगराकडे किंचित झुकतं माप द्यावंसं वाटतं, तेसुद्धा, हे नाव पूर्वेकडून आलं असं मानून. देइर अल्लाची भिंत त्या दिशेला प्रतिकूल नाही. मात्र ऐकू येणाऱ्या अर्थाबाबत मला संदिग्धता दिसत नाही. पूर्वजांच्या कथांत शद्दाय म्हणजे कूस उजवणारा आणि दूध देणारा देव, आणि ते ऊर रिकामं झाल्यावर ज्याच्याविरुद्ध आक्रोश करायचा तोही तोच.

मराठी भाषांतरात यावर मार्ग आहे. नाव नावासारखं ठेवावं : ‘मी एल शद्दाय आहे’. यहवेच्या जागी ‘परमेश्वर’ लिहिताना परंपरेचं बंधन आहे. यहवे हे नाव उच्चारू नये असा दंडक आहे. शद्दायला तसा दंडक नाही. अनेक मराठी मंडळ्यांत ‘एल शद्दाय’ हे शब्द गाण्यांतून आणि प्रार्थनांतून आलेलेच आहेत. ग्रंथात ते छापले, तर उत्पत्ती, रूथ आणि ईयोब यांच्यात ताणलेला धागा मराठी वाचकालाही बोटाने पकडता येईल.

मुळाचा वाद मिटवू शकेल असा पुरावा कुठे मिळेल, हेही सांगता येतं. अक्कादी लिपीतून तो मिळणार नाही, कारण तिथे ते तिन्ही जुने ध्वनी एकाच ‘श’मध्ये विरघळले आहेत. ग्रीकमधून नाही, हिब्रूतूनही नाही. सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितच्या मातीच्या फळ्यांवर मात्र ‘थ’ आणि ‘श’ यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. त्यांत स्तनाचा शब्द ‘थ’ने लिहितात, शेताचा ‘श’ने. हे देवनाम त्या लिपीत निःसंदिग्धपणे लिहिलेली एखादी फळी हाती आली, तर पहिलं अक्षर पाहूनच कळेल की शद्दाय उरांचा होता, की डोंगर-रानाचा.